पडद्यावरची तलवार आणि तिच्यामागचे हात

ऐतिहासिक चित्रपट पाहून आपण बाहेर पडतो तेव्हा आपल्या तोंडी नायकाचे नाव असते. तानाजी, बाजीप्रभू, कोंडाजी. ते असावेच. पण कामगार चळवळीत उमेद घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक खोड लागलेली असते. कोणतेही मोठे काम दिसले, की ते किती हातांनी उचलले आणि त्या हातांच्या पदरी काय पडले, हे तो विचारतो. तोच प्रश्न आज मी तलवारीच्या चित्रपटाला विचारणार आहे.

आपल्याकडे या चित्रपटाचे माहेर कोल्हापूर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झालेले व्ही. शांताराम पुढे प्रभात कंपनीचे एक संस्थापक झाले. प्रभातने १९३० साली शिवरायांवर चित्रपट काढला, तेव्हा त्याच्या नावातला 'स्वराज्य' हा शब्द इंग्रजी अंमलातल्या सेन्सॉरला खुपला, आणि तो 'उदयकाल' या नावाने लोकांपुढे आला. एका खेळाच्या नावाचेही राज्यकर्त्यांना भय वाटावे, एवढे बळ या प्रकारात होते. भालजी पेंढारकरांनी 'छत्रपती शिवाजी' (१९५२) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) यांनी ती परंपरा पुढे नेली. अलीकडे दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद' (२०१८) आणि 'पावनखिंड' (२०२२) यांनी तिला पुन्हा गर्दी मिळवून दिली.

चिनी लोकांतही असाच एक प्रकार आहे. त्याला ते 'वूशिया' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धविद्या, आणि 'शिया' म्हणजे गांजलेल्याच्या बाजूने शस्त्र उचलणारा. या प्रकारातले एक थोर दिग्दर्शक किंग हू. ते जन्माने पेकिंगचे. त्यांनी चित्रपट काढले ते हाँगकाँग आणि तैवान येथे. त्यांच्या १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी' या चित्रपटातील लढती बसविणारे हान यिंगचिए हे पेकिंगच्या संगीत नाटकाच्या परंपरेत तयार झालेले गडी. म्हणजे तिथली तलवार रंगभूमीवरून पडद्यावर आली. घाव कोणत्या ठेक्यावर पडायचा हे तालाने ठरे. त्यांच्याच 'अ टच ऑफ झेन' (१९७१) या चित्रपटात बांबूच्या बनातली एक लढत आहे. योद्धे बांबूच्या शेंड्यापर्यंत झेपावतात आणि वरून शत्रूवर कोसळतात. १९७५ साली कान येथील महोत्सवात या चित्रपटाचा तंत्रासाठी गौरव झाला. बांबू तोडून पोट भरणारी माणसे आपल्या जिल्ह्यांत थोडी नाहीत. त्यांना विचाराल तर ती हसून सांगतील, की बांबूवरून अशी उडी कोणी मारीत नाही.

मग ती साधते कशी? कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी उसळी देणारी ताणलेली जाळी ठेवतात. उडीचे तुकडे वेगवेगळे टिपतात, आणि डोळ्याला सांधा कळू नये असे जोडतात. तलवारीला धार नसते. पवित्रा, वार आणि बचाव आधी मोजून घोकलेले असतात. एवढे झाले तरी एक गोष्ट खोटी करता येत नाही, ती म्हणजे पडणे. उडी बनावट असली तरी अंग खऱ्याच जमिनीवर आपटते. नायकाच्या जागी घोड्यावरून पडतो तो बहुधा दुसराच गडी असतो, आणि त्याचा चेहरा आपल्याला दिसू नये हेच त्याच्या कामाचे कौशल्य मानतात.

चित्रपट कामगारांसाठी आपल्या संसदेने १९८१ साली कायदा केला. कामावर घेताना लेखी करार झाला पाहिजे, असे त्यात होते. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो विषय सामावून घेण्यात आला. पण कायदा कागदावर असणे निराळे, आणि एका दिवसासाठी गर्दीत उभ्या केलेल्या माणसाच्या हाती कराराचा कागद पडणे निराळे. हे अंतर संघटनेवाचून भरून निघत नाही.

आता इतिहासाकडे वळू. १६६० साली घोडखिंड लढविली ती बाजीप्रभूंबरोबर बांदलांच्या मावळ्यांनी. त्याच प्रसंगी महाराजांचे सोंग घेऊन शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद हा जातीने न्हावी. त्याचे नाव उरले. बरोबरीच्या कित्येकांचे उरले नाही. पडद्यावरचे अनाम शिपाई आणि इतिहासातले अनाम शिपाई, असे हे दुहेरी विस्मरण आहे.

आपल्या चांद्याच्या मातीला हे सांगायला नको. बाबूराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. ते एकटे लढले नाहीत; गोंड आणि रोहिले गडी त्यांच्याबरोबर होते. गांजलेल्यासाठी शस्त्र उचलणारा तो 'शिया' आपल्याकडे असा होऊन गेला. रंगभूमीही आपल्याकडे आहे. धान निघाले, मंडई भरली, की वडशाच्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीत रात्र रात्र जागवितात. चिनी चित्रपटाने आपले लढवय्ये नाटकातून घेतले, तसे बाबूरावांवरच्या एखाद्या चांगल्या चित्रपटाला आपल्या झाडीतूनही घेता येतील.

तसा चित्रपट निघेल तेव्हा माझी मागणी दोन गोष्टींची राहील. कथेत बाबूरावांच्या मागे उभ्या राहिलेल्यांना चेहरा मिळावा. आणि शेवटी जी नावे पडद्यावर सरकतात, त्यांत घोड्यावरून पडणाऱ्याचे नाव असावे, त्याच्या औषधपाण्याची सोय करारात लिहिलेली असावी. आपल्याकडून एवढेच व्हावे, की ती नावे सरकत असताना आपण खुर्ची सोडून उठू नये.