भागीदारीचा छापील कागद आणि त्यातल्या कोऱ्या जागा

भागीदारीपत्राचा छापील नमुना कोर्टाच्या आवारात थोड्या पैशांत मिळतो. नावे घालायची, 'नफा-नुकसान निम्मे-निम्मे' लिहायचे, सह्या करून बँकेत खाते उघडायचे; आपले बहुतेक कापडवाले व साचेवाले त्याचा एवढाच उपयोग करतात. बाकी जागा कोऱ्याच राहतात. भांडणे नेमकी तिथून निघतात, हे आम्ही बाजारात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

मालेगावात आमच्या ओळखीच्या दोन साडूंनी मिळून 12 साचे घातले. एकाने रक्कम जास्त घातली, दुसऱ्याने रात्रंदिवस कारखाना सांभाळला. कागदावर यातले काहीच नव्हते. रक्कम घालणारा अचानक वारला. त्याच्या पत्नीचे म्हणणे, दोन हिस्से आमचे. कारखाना सांभाळणारा म्हणे, माझी मेहनत कुठे गेली? सख्ख्या बहिणींच्या घरांत ईदचे जाणे-येणेही बंद झाले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. सन 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे उभयतांत वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो आणि काम पाहणाऱ्याला वेगळा मेहनताना मिळत नाही. घातलेले भांडवल परत मागता येते, पण किती घातले ते शाबीत करावे लागते. म्हणजे दोघांचेही म्हणणे कागदाविना लटकले. म्हणून कोणी किती रोख, किती साचे, किती सूत आणले, ते आकड्यांत लिहावे. काम पाहणाऱ्याचा पगारही लिहावा. आयकरातसुद्धा तो कागदात असेल तरच, व मर्यादेतच, खर्च म्हणून धरला जातो.

मृत्यूचे कलम सर्वांत महत्त्वाचे. नमुन्यात बहुधा 'भागीदार वारल्यास फर्म चालू राहील' असे छापलेले असते. तिघे-चौघे असतील तर ते चालते. दोघेच असतील तर एक गेल्यावर भागीदारी उरतेच कोणाशी? ती संपते. तेव्हा दोघांच्या फर्ममध्ये साच्यांची व मालाची किंमत कोण ठरवणार आणि वारसांना रक्कम किती महिन्यांत, किती हप्त्यांत द्यायची, हे लिहून ठेवावे. हिशेब न मिटवता उरलेला भागीदार धंदा चालवीत राहिला, तर वारसांना त्या हिश्शावरचा नफा किंवा सालीना 6 टक्के व्याज, यांपैकी एक मागता येते.

व्याजावरून आठवले. छापील नमुन्यात भांडवलावर 12 टक्के व्याजाचे कलम असते. ज्यांना ते नको त्यांनी ते खोडून दोघांनी तिथे सही करावी, आणि जास्त रक्कम घालणाऱ्याचा नफ्यातला हिस्सा वाढवावा. यात कायद्याची काही आडकाठी नाही. आमच्या मते व्यापारालाही हेच बरे, कारण मंदीत व्याज थांबत नाही. आपल्याकडे तर सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तरी 'घरातलाच माणूस, लिहायचे कसले' असे आपणच म्हणतो.

कागद झाला म्हणजे काम झाले नाही. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी करावी लागते. सक्ती नाही म्हणून लोक टाळतात. पण नोंद नसलेल्या फर्मला 100 रुपयांपेक्षा जास्त उधारीसाठी परगावच्या आडत्यावर दावा लावता येत नाही. उधारीची मुदत साधारण तीन वर्षे, आणि नोंद दाव्याआधी हवी. आडत्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

जो भागीदार बाहेर पडेल त्याने नुसता हिशेब घेऊन घरी बसू नये. रजिस्ट्रारला कळवावे, राजपत्रात आणि निदान एका स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात नोटीस द्यावी. तोवर सूतवाल्याच्या नजरेत तो भागीदारच असतो आणि पूर्ण रक्कम त्याच्या एकट्याकडूनही मागता येते.

स्टॅम्पचा दर वेळोवेळी बदलतो, तो लिहिण्याआधी विचारून घ्यावा. सही झालेल्या कागदाच्या प्रती भागीदारांइतक्या काढाव्यात. आपली प्रत दुकानाच्या गल्ल्यात नव्हे, घरी ठेवावी, आणि ती कुठे आहे हे घरच्या माणसांना सांगून ठेवावे.