दोयांगवरची जाळी

नागालँडच्या दोयांग जलाशयावर २०१२च्या ऑक्टोबरात मासेमारीची जाळी उंच ताणून रोज हजारो अमूर ससाणे पकडले गेले. पक्षी लाखोंनी आहेत, मग बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. पण सैबेरिया-चीनमध्ये दूरदूर विखुरलेले हे ससाणे इथे एकाच ठिकाणी दाटीने उतरतात, उडती वाळवी खाऊन अंगात चरबी साठवतात आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात. एका जाळ्यात कितीतरी मुलखांतले पक्षी संपतात. वर्षाला एकदाच तीन-चार अंडी घालणाऱ्या जोड्या ही तूट कशी भरून काढणार?

गावकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र रास्त आहे. जलाशयाजवळच्या पांगती गावाने २०१३मध्ये ही शिकार थांबवली, म्हणजे हातची कमाई सोडली. तिची भरपाई नुसत्या पर्यटनाच्या भरवशावर सोडणं अन्यायाचं आहे. ती दरवर्षी, रोख मिळायला हवी.