जेवणाचे वस्त्र : वाशिमच्या पंगतीपासून जहाजाच्या भोजनगृहापर्यंत

समुद्रपर्यटनाच्या जहाजावर रात्रीच्या जेवणाला काय घालावे, हा प्रश्न वाशिमसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी अप्रस्तुत ठरला असता. परंतु सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून कॉर्डेलिया क्रूझेसच्या जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या, ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग पूर्णपणे खुला झाला, आणि मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा या तालुक्यांतून सकाळी निघालेल्या कुटुंबाला त्याच दिवशी मुंबई गाठणे सोपे झाले. तिकिटाबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये ‘फॉर्मल नाइट’, ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे शब्द दिसू लागताच ही काहीतरी परकी शिस्त आहे, असा समज होतो. वास्तविक जेवणाच्या वस्त्राचे नियम या जिल्ह्याला नवे नाहीत. किंबहुना जहाजावरच्या नियमांपेक्षा ते जुने आणि कितीतरी कडक होते. फरक आहे तो आधाराचा. पंगतीतला नियम शुचितेवर उभा होता, जहाजावरचा नियम प्रतिष्ठेवर उभा राहिला, आणि आज दोन्हीकडे उरला आहे तो मुख्यतः प्रसंगाचा मान.

शास्त्र आणि सोवळे

भोजन हे धर्मशास्त्राने केवळ पोट भरणे न मानता एक कर्म मानले, त्यामुळे त्याच्या वस्त्राचाही विचार झाला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एकाच वस्त्रानिशी अन्न खाऊ नये असे सांगितले आहे, आणि धोतरावर उपरणे घेऊन पानावर बसण्याची रीत त्या नियमाला धरूनच आहे. तिसऱ्या अध्यायात, श्राद्धभोजनाच्या संदर्भात, डोके गुंडाळून किंवा पायांत वहाणा ठेवून घेतलेले अन्न राक्षसांना जाते असे म्हटले आहे. डोक्यावरचे उतरवण्याबाबत शास्त्री आणि जहाजाचा कप्तान यांचे एकमत व्हावे, आणि पायांतल्या जोड्याबाबत मात्र दोघांनी नेमके उलट टोक गाठावे, हे लक्षणीय आहे. कारण जहाजाच्या भोजनगृहात अनवाणी येण्यास आजही मनाई असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तर राजाने जेवायला बसताना नाभीपासून गुडघ्यांपर्यंत पांढरे वस्त्र पसरून घ्यावे असे वर्णन आहे, म्हणजे मांडीवरचा रुमाल ही चालही सर्वस्वी विलायती म्हणता येत नाही.

वाशिम जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, आणि त्यांचे चरित्र सांगणाऱ्या ‘गुरुचरित्र’ या ग्रंथाच्या ३६व्या व ३७व्या अध्यायांत गृहस्थाच्या आचारधर्माचे विस्ताराने निरूपण येते, त्यात भोजनाचाही समावेश आहे. हा आचार घराघरांत उतरला तो सोवळ्याच्या रूपाने. स्नानानंतर नेसलेले, कोणाचाही स्पर्श न झालेले वस्त्र आणि ते नेसल्यावर पाळायची अलिप्तता, या दोहोंना मिळून सोवळे म्हणत. सुती वस्त्र रोज धुऊन वाळवावे लागे, तर रेशीम आणि लोकर सहसा विटाळत नाहीत अशी समजूत असल्याने पुरुषांसाठी रेशमी मुकटा किंवा कद आणि थंडीत लोकरीची धाबळी घरात राखलेली असे. आढ्याजवळ टांगलेल्या आडव्या वलणीवर हे कपडे काठीनेच वाळत घालायचे आणि काठीनेच काढायचे, जेणेकरून येता-जाता कोणाचा हात लागू नये. मुलाने चुकून स्पर्श केला तर वस्त्र पुन्हा पाण्यात जाई.

या व्यवस्थेत वस्त्राच्या किमतीला काही अर्थ नव्हता. भरजरी शालू नेसलेली पाहुणी ओवळी ठरे आणि ओलेत्याने उभा असलेला आचारी सोवळा ठरे. परंतु म्हणून ती समतेची व्यवस्था नव्हती, कारण कितीही स्वच्छ धुतलेल्या वस्त्राने जातीबाहेरच्या माणसाला पंगतीत जागा मिळत नसे. वस्त्राचा नियम वरवर दिसणारा होता आणि जन्माचा नियम त्याच्या मुळाशी होता.

कारंज्याची जैन परंपरा आणि मोकळ्या पंगती

कारंजा हे दिगंबर जैनांचेही जुने केंद्र आहे, आणि तेथे जेवणाच्या वस्त्राचा विचार आणखी वेगळ्या दिशेने जातो. दिगंबर मुनी वस्त्रच धारण करत नाहीत. ते दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. मुनींना विधिपूर्वक घरी बोलावण्याच्या क्रियेस पडगाहन म्हणतात, आणि त्या वेळी शुद्ध, धुतलेली वस्त्रे घालण्याचे बंधन असते ते आहार देणाऱ्या गृहस्थांवर. जेवणारा निर्वस्त्र आणि वाढणारा नियमबद्ध, अशी ही रचना आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा जैनांचा नियमही येथे लक्षात घ्यावा लागतो, कारण जहाजावरचे मुख्य जेवण बहुधा सूर्यास्तानंतर असते, आणि अशा प्रवाशाला कपड्यांआधी वेळेचा प्रश्न सोडवावा लागतो.

याच जिल्ह्यात वस्त्राचा कोणताही नियम नसलेल्या पंगतीही आहेत. मालेगाव तालुक्यातील डव्हा येथे नाथनंगे महाराजांच्या रथसप्तमीच्या यात्रेत महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा वाढप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होते; शेतातून आलेला माणूस मळक्या सदऱ्यानिशी बसतो आणि शेजारी बसलेल्याच्या कपड्यांकडे कोणी पाहत नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झाले असून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. आरशांचे तुकडे, कवड्या आणि नाणी टाचलेला फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे पाठीवर बंदांनी बांधायची चोळी, आणि वर ओढणी, असा बंजारा स्त्रीचा वेश सणाला आणि लग्नाला मानाचा ठरतो. दुरून आलेल्या पाहुण्याला तो केवळ शोभेचा वाटतो, परंतु त्या समाजात तोच औपचारिक पोशाख आहे, आणि जहाजाच्या नियमांकडे वळताना हे महत्त्वाचे ठरते.

जहाजावरची शिस्त

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई हे विलायतेच्या वाटेवरचे प्रमुख बंदर झाले. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर पहिल्या वर्गाचे उतारू, दुसऱ्या वर्गाचे उतारू आणि डेकवर पथारी टाकणारे उतारू अशी वर्गवारी होती, आणि रात्रीच्या जेवणासाठी खास कपडे करून येण्याची अपेक्षा मुख्यतः पहिल्या वर्गाकडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब शेपटीच्या कोटाऐवजी आखूड, काळा ‘डिनर जॅकेट’ रूढ होत गेला; अमेरिकेत त्यालाच टक्सीडो म्हणतात. काळा कोट, पांढरा शर्ट आणि गळ्याशी काळा बो, अशा या वेशाला ‘ब्लॅक टाय’ हे नाव आहे. त्यात कमरेला बांधला जाणारा रुंद रेशमी पट्टा हा हिंदुस्थानातला कमरबंद असून तो इंग्रज अधिकाऱ्यांनी येथेच उचलला. तांबड्या समुद्रातील उकाड्यात कोट असह्य होई, तेव्हा नुसता शर्ट आणि कमरबंद एवढ्यावर जेवायला बसण्याची सूट मिळू लागली, आणि तो वेश पुढे त्या समुद्राच्याच नावाने ओळखला गेला. प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या रात्री सामान पेट्यांत बंद असते म्हणून औपचारिक पोशाख करायचा नाही, हा संकेतही त्याच काळातला आहे.

या भोजनगृहातले सगळ्यात काटेकोर कपडे मात्र उतारूंच्या अंगावर नसून वाढणाऱ्यांच्या अंगावर असत. पी. अँड ओ.च्या जहाजांवर वाढपी आणि आचारी म्हणून गोव्याची माणसे मोठ्या संख्येने होती. गणवेशाला डाग पडणे हा त्यांच्यासाठी शिस्तीचा प्रश्न होता. कारंज्यातील आहारदानाप्रमाणे येथेही वाढणाराच नियमाने अधिक बांधलेला होता. फक्त तेथे नियम श्रद्धेतून येई आणि येथे पगारातून.

भारतीय प्रवाशांपुढचा पेच

सुरुवातीच्या हिंदी प्रवाशांना जहाजावरचे जेवण हा आनंदाचा नव्हे, तर धर्मसंकटाचा विषय होता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ जहाजाने निघालेले मोहनदास गांधी काट्या-चमच्यांच्या संकोचाने आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याच्या भिडेने आपल्या खोलीतच बरोबरचा फराळ खात राहिले. जहाजावर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट विलायतेत उतरताना घालायला राखून ठेवला. सप्टेंबरअखेरीस उतरल्यावर पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच आहोत असे त्यांना आढळले. चूक कपड्यांच्या दर्जाची नव्हती, ऋतूची होती.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले होते, आणि आहार व वेश या दोन्हींत त्यांनी तो निर्धार जपला. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील औपचारिक स्वागतसमारंभाच्या वेळी काढलेल्या छायाचित्रात त्या साडीत आहेत, आणि त्यांच्या शेजारी जपान व सीरिया येथील सहाध्यायिनी आपापल्या देशांच्या पोशाखात आहेत. समारंभाला साजेसा वेश म्हणजे यजमानांचा वेश असे त्या तिघींनी मानले नाही, आणि महाविद्यालयानेही तसा आग्रह धरल्याचे त्या चित्रातून दिसत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रवासांतून स्पष्ट होते. ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या जहाजाने मुंबईहून निघाले. ज्या समाजाला गावच्या पंगतीत कोणत्याही वस्त्रानिशी प्रवेश नव्हता, त्या समाजातून आलेल्या माणसाला सुटाबुटाचा अर्थ वेगळा होता. जहाजावरचा नियम उच्चभ्रू होता, खर्चिक होता, वर्णभेदाची छाया त्यावर होती; तरी तो छापील होता, आणि तो पाळण्यासाठी लागणारे कपडे शिंप्याकडून शिवून घेता येत होते. जन्म शिवून घेता येत नाही. विलायती वेशाची थट्टा करताना हा भेद विसरणे अन्यायाचे होईल.

आजचे नियम

आज जहाजांवर पूर्वीचा कडकपणा राहिलेला नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० च्या सुमारास ठरावीक वेळ आणि औपचारिक पोशाख यांचे बंधन सैल करणारी पद्धत आणली आणि इतर कंपन्याही कमी-अधिक प्रमाणात त्या वाटेने गेल्या. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे पुरुषांना कॉलरचा शर्ट, पूर्ण लांबीची पँट आणि बंद बूट, स्त्रियांना साडी, सलवार-कमीज किंवा तत्सम नीटनेटका वेश. ‘फॉर्मल’ म्हणजे सूट किंवा समारंभाचा वेश. पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन आणि अनवाणी पाय एवढे बहुतेक मुख्य भोजनगृहांत चालत नाही. औपचारिकतेसाठी प्रसिद्ध असलेल्या क्युनार्ड कंपनीच्या सूचनांतही समारंभाच्या रात्रीसाठी राष्ट्रीय औपचारिक पोशाख मान्य आहे.

उलट स्वदेशातच धोतराला अडवण्याचे प्रकार झाले आहेत. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्लबमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने अशा बंधनांवर मनाई करणारा कायदा केला. परकीय नियम परक्यांनी सोडल्यावरही आपल्याकडे टिकून राहतात, ते असे.

तेव्हा वाशिमहून निघणाऱ्या प्रवाशाने जहाजासाठी उसना सूट शोधण्याचे कारण नाही. पुरुषांना बंद गळ्याचा कोट, शेरवानी किंवा इस्त्रीचा कुडता-पायजमा आणि वर जाकीट, स्त्रियांना पैठणी किंवा कोणतीही रेशमी साडी, आणि पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा स्त्रीला तिचा फेटिया-कांचळीचा वेश, हे सर्व औपचारिक रात्रीला पुरेसे आहे. पाळायच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत : भोजनगृहातील वातानुकूलनामुळे थंडी वाजते म्हणून शाल जवळ असावी, उघड्या डेकवरच्या वाऱ्यात पदर पिनेने टाचलेला असावा, दारांचे उंबरे उंच असतात आणि डेक ओला असतो म्हणून साडी घोट्यापर्यंत आणि पादत्राणे न घसरणारी असावीत, पहिल्या संध्याकाळी मोठे सामान खोलीत उशिरा पोहोचू शकते म्हणून जेवणाचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा, आणि तिकीट काढतानाच त्या जहाजाच्या लेखी सूचना वाचून घ्याव्यात, कारण प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. लग्नाच्या पंगतीला जे कपडे अभिमानाने घातले जातात, तेच जहाजाच्या भोजनगृहात घालावेत.