शंभर टक्के हजेरी

आमच्या काचेच्या कपाटात पितळेचा एक पेला आहे. चौथीत वर्षभर एकही दिवस शाळा न बुडवल्याबद्दल तो मला मिळाला. त्या वर्षी मला गालगुंड झाले होते आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळून मी शाळेत जात होतो, हे मात्र त्यावर कोरलेले नाही! शेजारच्या दोघांना गालगुंड कोणी दिले, तेही नाही.

तो पेला मला ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवला. करोनामुळे घरी बसलेली मुंबईतली आठवीची मुले दीड वर्षाने, ४ ऑक्टोबरला, वर्गात गेली. तोंडाला मास्क, पालकांची लेखी संमती, आणि आजारी मुलाला पाठवू नये, अशी सारी नियमावली आम्ही पाठ केली होती. पण दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या कन्येचे अंग कढत लागले.

"बाबा, एक गोळी दे ना. मग फाटकावर ताप दिसणारच नाही."

वाचकहो, माझा हात डब्याकडे गेलाच होता! सौ.ने डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. "अहो, गोळीने ताप उतरेल, रोग उतरेल का? तिच्या मैत्रिणीच्या घरी म्हातारी आजी आहे."

मी मराठी शिकवतो. पण शास्त्र तिला कळले होते. फाटकावरचे यंत्र कपाळाची उष्णता मोजते, विषाणू नव्हे. म्हणूनच २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, औषधावाचून २४ तास ताप नसेल तरच घराबाहेर पडा, असे सांगितले होते. शाळेतच ताप भरला, तर मुलाला वेगळ्या खोलीत बसवून पालकांना बोलवायचे, हा नियमही त्याच शहाणपणाचा.

चाचणीत करोना निघाला. दहा दिवस कन्या खोलीत राहिली. पहिले दोन दिवस माझ्याशी बोललीही नाही. बाईंनी मात्र फोन करून सांगितले, "हजेरीची काळजी नको. बरी होऊन ये."

पुढे मला कळले, की ऑक्टोबर २०२० च्या केंद्रीय सूचनांत शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसांना उत्तेजन देऊ नये, असेही सुचवले होते. मला ते पटले. आजारी मूल घरी राहिले तर ते शाळा बुडवत नाही, शाळा सांभाळते.

पेला आता औषधांच्या फळीवर असतो. त्यात आम्ही थर्मामीटर ठेवतो.