ग्राइंड – ग्राउंड – ग्राउंड

गो-वेंट-गॉनची जपमाळ आपण सगळ्यांनी शाळेत ओढली आहे. पण भोसरीला किंवा चाकणला ट्रेनिंगला गेलात, की शिफ्टचं लॉगबुक पुढे येतं. त्यात लिहायचं ते झालेलं काम, म्हणजे सगळा भूतकाळ! आणि वर्कशॉपची क्रियापदं शाळेच्या माळेत फारशी नसतातच.

बरीचशी सरळ आहेत. ईडी लावा, झालं. उच्चार मात्र तीन. मूळ शब्दाच्या शेवटी क, प, च, श, स, फ असेल तर ‘ट’ ऐकू येतो: चेक्ट, स्टॉप्ट. शेवटी ट किंवा ड असेल तरच ‘इड’: टेस्टिड, वेल्डिड. बाकी ठिकाणी नुसता ‘ड’: ड्रिल्ड, मशीन्ड. ‘स्टॉपेड’ म्हणणं तेवढं सोडा, इंटरव्ह्यूत फरक पडतो.

आता वाकडी मंडळी. बेंडचं बेंट, वेअरचं वोअर, ग्राइंडचं ग्राउंड. मोटरचं कॉइल वाइंड केलं की ‘वाउंड’. त्याच स्पेलिंगचा ‘वूंड’ म्हणजे जखम. कास्ट तिन्ही रूपांत कास्टच, ‘कास्टेड’ नाही.

खरा घोळ कट, पुट, सेट, शट यांचा. लॉगबुकात नुसतं ‘शट व्हॉल्व्ह’ लिहिलं, तर रात्रपाळीवाल्याने काय समजायचं? बंद केला, की बंद कर? वाफेच्या लाइनवर हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. ‘व्हॉल्व्ह वॉज शट’ लिहाल तर तो आधीपासून बंद होता, असाही अर्थ निघतो. म्हणून कर्ता आणि वेळ दोन्ही टाका: ‘आय शट द व्हॉल्व्ह ॲट ६.४०’. नाहीतर सरळ ‘आय क्लोज्ड’ लिहा.

हा वाकडेपणा येतो कुठून? हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार आज त्यातली ९८च अनियमित उरली आहेत. रोज तोंडात असलेली टिकली, क्वचित लागणारी ईडीच्या रांगेत गेली. हेल्पचंसुद्धा एके काळी ‘होल्प’ होतं. मराठीतही बसला, उठला, पडला सरळ. पण जा-गेला, ये-आला, कर-केला ही दिवसभर लागणारी वाकडीच.

त्यातलं ‘केला’ आपल्याला नडतं. बाहेरचं क्रियापद आलं की आपण ‘करणे’ जोडतो: वेल्ड केलं, ग्राइंड केलं. सगळा भूतकाळ ‘केलं’ने उचलला, त्यामुळे ‘ग्राउंड’ आठवायची वेळच येत नाही. मग इंग्रजीत लिहिताना ‘ग्राइंडेड’ होतं, किंवा सुपरवायझरचं लाडकं ‘ग्राइंडिंग डन’. हे दुसरं चालतं, काही बिघडत नाही. पण ‘डिड नॉट ग्राउंड’ मात्र नको. ‘डिड’ने भूतकाळ उचलला की पुढे मूळ रूप: डिड नॉट ग्राइंड. अगदी आपल्या ‘ग्राइंड केलं नाही’सारखं.