आधी टायर तापवा, मग गाडी पळवा!

फॉर्म्युला वनची शर्यत टीव्हीवर पाहताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. शर्यत सुरू होण्याआधी सगळ्या गाड्या एक फेरी मारतात. एवढे जगातले पट्टीचे ड्रायव्हर, पण त्या फेरीत बघा कसे चालवतात! डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मध्येच जोरात ब्रेक, मध्येच झटका देऊन पुढे. आपल्याकडे कुणी रस्त्यावर असं चालवलं तर पोलीसमामा शिट्टीच मारतील.

तर दोस्तांनो, ही मस्ती नव्हे. ते टायर तापवत असतात.

हिवाळ्यात गुळाची ढेप फोडून पाहिलीय? बत्ता लागतो. तोच गूळ जरा ऊन झाला की बोटांना चिकटतो, आणि कढईत जास्त तापला की पाक होऊन वाहायला लागतो. शर्यतीच्या टायरचं रबर थोडंफार याच स्वभावाचं. थंड असलं की कडक. मग रस्त्यावरच्या बारीक खाचाखोचांत ते शिरतच नाही आणि गाडी घसरते. १०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की मऊ, चिकट होतं आणि रस्ता घट्ट धरतं. त्याहून फार तापलं तर फोड येतात, सालपटं निघतात. म्हणजे ड्रायव्हरला त्या मधल्या पट्ट्यातच राहावं लागतं. म्हणून तर गाडीवर चढवण्याआधी या टायरांना विजेवर तापणारी चक्क एक गोधडी गुंडाळतात! ही चैन फार वाढू नये म्हणून २०२२ साली गोधडीची मर्यादा ७० अंशांवर आणली. वरची उष्णता ड्रायव्हरनं स्वतः कमवायची.

ती कुठून येते? रबराचा चेंडू एक मीटरवरून खाली सोडा. तो पुन्हा एक मीटर उडत नाही. दाबलं गेलेलं रबर मूळ आकारात येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवून घेतं. टायरही फिरताना प्रत्येक फेऱ्याला दबतो, सुटतो, दबतो, सुटतो. शिवाय घासतो. झालं, तापला!

आता रुंदीकडे येऊ. शाळेत आपण शिकलो की घर्षण हे स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वीट आडवी ओढा नाहीतर उभी, जोर तेवढाच लागतो. मग रुंद टायर कशाला? हुशार मुलांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर असं, की रबर हा नियम नीट पाळत नाही. त्याच्यावर दुप्पट भार टाकला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून भार जास्त रबरावर वाटून दिलेला बरा.

पण रुंद टायर लावला की रस्त्याला टेकणारा भाग खूप मोठा होतो, ही समजूत मात्र चुकीची. हिशेब करू या. गाडी १२०० किलोची, म्हणजे एका चाकावर ३०० किलो. आत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो. भागा. १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा तुकडा! अशा चार तुकड्यांवर आख्खी गाडी उभी असते. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर तुकडा साधारण तेवढाच राहतो, फक्त आकार बदलतो. आधी लांबट होता, तो आता आखूड आणि रुंद होतो. वळणावर हा आकार जास्त कामाचा. शिवाय रबर जास्त असल्यानं उष्णताही वाटली जाते.

पण याची दुसरी बाजूही आहे. रुंद टायर तापायला वेळ घेतो, वजनानं जड असतो आणि वारा जास्त अडवतो. पावसात तर फारच नाजूक प्रकरण. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, ते जमलं नाही की गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग नावापुरतं उरतं. म्हणून पावसाळी टायरला खोल नक्षी असते. पिरेली कंपनीच्या हिशेबानं असा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो! आणि स्वीडनच्या बर्फावरच्या रॅलीत तर चक्क अरुंद, खिळे ठोकलेले टायर वापरतात. अरुंद टायर मऊ बर्फ कापून खालच्या कडक थराला जाऊन भिडतो.

फॉर्म्युला वनचंही मत बदलत आलंय. २०१७ साली मागचे टायर ३२५ मिलिमीटरवरून ४०५ वर नेले. २०२६ च्या नियमांत ते पुन्हा ३० मिलिमीटरनं कमी केले.

टायर तापला की आतली हवाही तापते. पंपावर आपण 'तीस हवा' म्हणतो, म्हणजे ३० पौंड. त्यात वातावरणाचे १५ मिळवा, झाले ४५. तापमान २७ अंशांवरून ७७ वर गेलं, म्हणजे केल्विनमध्ये ३०० वरून ३५०. गणित करून १५ वजा करा, साडेसदतीस येतात! शर्यतवाले हे आधीच धरून हवा कमी भरतात. घरच्या गाडीला मात्र ही नक्कल करायची नाही बरं का. कमी हवेचा टायर बाजूंनी जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की आणखी कमकुवत होतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, उन्हाळ्यात, तासन् तास एकाच वेगात धावताना त्याला विसावा कुठला? म्हणून नागपूरला निघताना बाबांना हवा सकाळीच, टायर थंड असताना बघायला सांगा. आणि टायरचा गोटा झाला असेल तर सरळ भांडा.

टायरवरून भांडण तर २००५ साली अमेरिकेत इंडियानापोलिसलाही झालं. तिथलं तेरावं वळण उतरतं बांधलेलं, तिथे डाव्या मागच्या टायरवर प्रचंड भार येतो. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाखरचा तोच टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिन कंपनीनं आपल्या संघांना सांगितलं, पूर्ण वेगात दहा फेऱ्यांपलीकडे आम्ही हमी देत नाही. शर्यत होती ७३ फेऱ्यांची आणि त्या वर्षी मध्ये टायर बदलायला बंदी! वळणावर वेग कमी करणारा अडथळा घाला, ही मागणी नाकारली गेली. १९ जूनला वीस गाड्या निघाल्या, आणि सुरुवातीची ती नागमोडी फेरी संपताच चौदा गाड्या सरळ आत वळल्या. प्रेक्षक संतापले, मैदानात बाटल्या पडल्या. ब्रिजस्टोनच्या टायरवरच्या फक्त सहा गाड्या धावल्या.

त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारताच्या ड्रायव्हरला आजवर मिळालेले गुण तेवढेच.