गर्भपाताचा खर्च कोणी करायचा?

दिवस गेले आणि मूल ठेवायचे नसेल, तर आपल्या वस्तीतली बाई आधी कुठे जाते? आमचा अनुभव असा की ती मेडिकलच्या दुकानात जाते. काउंटरवरचा मुलगा किती आठवडे झाले ते विचारत नाही. गोळ्या देतो आणि मागेल तेवढे पैसे घेतो. रक्त थांबले नाही की मग खासगी नर्सिंग होम, तिथे भरायला अनामत, आणि अनामतीसाठी कानातले गहाण. हेच काम सरकारी रुग्णालयात डॉक्टरच्या हातून कायदेशीरपणे होते. तिथे का गेली नाहीस, असे विचारले की दोनच उत्तरे मिळतात. एक, गर्भपात गुन्हा आहे ना? दुसरे, तिथे मालकाची सही मागतात. विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत या दोन वाक्यांवर आमचे दोन रविवार गेले, म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान त्यासाठीच ठेवले आहे.

गर्भपात गुन्हा नाही. 1971 साली संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. 2021 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ही सवलत ठराविक स्त्रियांनाच आहे: बलात्कारपीडित, 18 वर्षांखालील मुली, गर्भ असताना विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग किंवा मनोरुग्ण स्त्री, बाळात गंभीर व्यंग असेल ती, आपत्तीत सापडलेली. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अविवाहित स्त्रीलाही यातून वगळता येणार नाही. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. इथे फार जणी चुकतात. पाळी चुकल्या दिवसापासून मोजतात आणि महिनाभर मागे पडतात.

बाईने मागितला आणि झाला, असा मात्र हा कायदा नाही. गर्भ ठेवल्याने तिच्या शरीराला किंवा मनाला इजा होईल, असे डॉक्टरचे मत पडावे लागते. पण ते मत बनवताना तिची घरची परिस्थितीही विचारात घेता येते, आणि तांबी किंवा निरोध वापरूनही दिवस गेले तर तेही कारण चालते. म्हणून डॉक्टरपुढे गप्प बसू नका. घरात काय चालले आहे ते सांगा.

आता पैशाचे. कायदा केंद्राचा, पण सरकारी दवाखाना चालवते राज्य किंवा महापालिका. 1971 च्या कायद्यातच लिहिले आहे की गर्भपात सरकारच्या रुग्णालयात किंवा सरकारने मान्यता दिलेल्या जागी व्हावा. म्हणजे खासगीवाल्याला परवानगी घ्यावी लागते, सरकारी रुग्णालयाला वेगळी लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिलपर्यंत, तपासणी व उपचार मोफत केले आहेत. महापालिकेची आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. तिथे केस पेपरचे व तपासण्यांचे थोडे पैसे पडतात. खासगीच्या मानाने ते काहीच नाहीत.

ही सोय मोठी आहे का, असा प्रश्न काहींना पडेल. कायद्याने हक्क द्यायचा आणि पैसा द्यायचा नाही, असे केले तर काय होते ते अमेरिकेत दिसले. तिथे 1973 मध्ये न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. गरिबांच्या उपचारांसाठी तिथे मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. तिचा खर्च केंद्र आणि राज्ये मिळून करतात. 1976 मध्ये हेन्री हाइड या खासदाराने दुरुस्ती आणली आणि केंद्राचा पैसा गर्भपातासाठी जवळपास बंद झाला. दुसऱ्या वर्षी टेक्सासमधली रोझी हिमेनेझ, 27 वर्षांची, एका मुलीची आई, स्वस्तात करून देणाऱ्या बेकायदा बाईकडे गेली आणि जंतुसंसर्गाने वारली. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की पैसा देणे सरकारवर बंधनकारक नाही. विरोधात मत देणाऱ्या चौघांत थरगूड मार्शल होते, काळ्या मुलांसाठी शाळांची दारे उघडणारा खटला लढवलेले वकील. पुढे काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून पैसा दिला. इलिनॉय राज्याने 2017 मध्ये त्यासाठी कायदा केला. बाकी अनेक राज्यांत गरीब बाईला काही नाही. श्रीमंत बाईला हाइडची दुरुस्ती कधी आडवी आलीच नाही. 2022 मध्ये तर मूळ हक्कच काढून घेतला गेला.

सरकारने खर्च करावा, ही मागणी आपल्याला नवी नाही. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला होता की सरकारने जनतेत संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याच्या सोयी पुरवाव्यात. ठराव फेटाळला गेला. तो गर्भपाताबद्दल नव्हता, हे खरे. पण मूल केव्हा आणि किती, यासाठी लागणारी सोय गरिबाच्या खिशावर सोडू नये, ही मागणी त्यात स्पष्ट होती.

बैठकीत एका आजींनी विचारले, आपण पंचशील घेतो, मग हे कसे? प्रश्न प्रामाणिक आहे, आम्ही तो टाळणार नाही. हिंसेबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात फरक केला आहे. त्यावरून प्रत्येकीने आपला विचार करावा, या पानाने कोणाचा निर्णय करू नये. पण शील सांगून सुनेला सरकारी दवाखान्यापासून अडवायचे आणि ती गुपचूप गोळ्या खाऊन मरणाच्या दारी जायची, हे आम्हाला कुठल्याच शिलात बसताना दिसत नाही.

सहीचे आता नीट लक्षात ठेवा. 18 वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, बापाची सही कायद्यात कुठेच नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याच वस्तीतल्या एका ताईला सरकारी रुग्णालयातून याच सहीसाठी परत पाठवले. मालक बांधकामावर परजिल्ह्यात होते. पाच आठवडे गेले, शेवटी व्याजाने पैसे काढून खासगीत जावे लागले. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी सोबत असते तर वैद्यकीय अधीक्षकांकडे जाऊन लेखी नकार मागता आला असता. बहुतेक वेळा कागद मागितला की काम होते. ऑपरेशन करून घे किंवा तांबी बसव, तरच गर्भपात करू, अशी अटही घालता येत नाही. तांबी हवी तर जरूर घ्या, पण स्वतःच्या मर्जीने. तुमचे नाव बाहेर फोडणे हाही कायद्याने गुन्हा आहे.

मुलगी 18 च्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. या भीतीने पोरींना भोंदूंकडे नेले जाते. तिने आणि पालकांनी विनंती केली तर त्या अहवालात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे 2022 च्या त्याच निकालात म्हटले आहे.

गर्भलिंग तपासणी वेगळी गोष्ट आहे. ती गुन्हा आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे याला या कायद्यात जागा नाही. भिंतीवरच्या पाट्या वाचून लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात.

गोळ्यांनी गर्भपात 9 आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरने तपासून. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळ्या काम करत नाहीत, नळी फुटते आणि जीव जातो. कुणी आधीच गोळ्या घेतल्या असतील तर लपवू नका. दोन तास सलग दर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप, घाण वास, पोटात असह्य कळ, चक्कर यांपैकी काही असेल तर रात्र असली तरी 108 ला फोन करा. काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगा.

नोकरीवाल्या भगिनींसाठी आणखी एक. कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे भरपगारी रजा आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, तो मागून घ्या. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बायांना मात्र ही रजा आजही मिळत नाही. त्या चौथ्या दिवशी कामावर असतात.